प्रभुभोजनाआधी आई उठायची

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, आणि त्या रविवारी माझी आई अर्ध्या उपासनेतून उठून बाहेर जायची. उपदेश झाला, गाणं झालं, पाळकसाहेब पांढऱ्या कापडानं झाकलेल्या मेजाकडं वळले, की आई पदर सावरून उठलीच. मागच्या दारानं बाहेर, आणि चपलांच्या शेजारी पायरीवर. आत सगळ्यांचं भाकर खाऊन, रस पिऊन, शेवटचं गाणं म्हणून झालं, की बाहेर येणाऱ्या एकेकाला ती हसून सलाम करायची. ती आत का नव्हती हे कोणी विचारायचं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं. मलाही.

गंमत बघा, मेजावरची ती भाकर आईनंच कापलेली असायची. भाकर म्हणजे बेकरीचा पावच, पण त्या दिवशी आम्ही त्याला भाकर म्हणतो. शनिवारी दुपारी ती रसासाठी काळ्या मनुका उकळायची, धुतलेल्या पंच्यातून गाळायची. पावाच्या कडा काढून बारीक तुकडे करायची. काचेचे छोटे पेले गरम पाण्यानं धुऊन उन्हात पालथे घालायची. एवढं सगळं करायचं, आणि रविवारी त्यातला एक कण तोंडात घालायचा नाही. मी लहानपणी विचारायचे, तर म्हणायची, "खायचं न्हाई म्हून करायचं न्हाई, असं कुठं हाये?" आता बोला!

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या मंडळीत प्रभुभोजन म्हणजे खेळ नव्हता. आदल्या शनिवारी संध्याकाळी तयारीची सभा भरायची. ज्याचं कोणाशी भांडण असेल त्यानं ते मिटवायचं, ज्याच्या हातून काही पाप घडलं असेल त्यानं पाळकांपाशी बोलून मोकळं व्हायचं, आणि मगच रविवारी मेजापुढं यायचं, म्हणजे भाकर घ्यायची. मनात पाप ठेवून जो खाईल तो शिक्षा ओढवून घेईल, आजारी पडेल, मरेलसुद्धा, असं तिथं बजावून सांगायचे. पाळक ते पदरचं सांगत नव्हते, शास्त्रातलंच होतं. लोक ते ऐकायचे आणि घरी जाऊन जेवून झोपायचे. खरं धरलं ते माझ्या आईनं.

आई जन्मानं आमच्यातली नव्हती. तिचं माहेर केदारखेड्याच्या अंगाला, पूर्णेच्या काठी. मेंढरं राखणारं घर. लहानपणी तिच्या पायाची जखम चिघळली तेव्हा तिला जालन्याच्या एका दवाखान्यात आणून टाकलं होतं. तिथल्या ख्रिस्ती नर्सबायांनी तिला वाचायला शिकवलं, आणि तिथंच तिनं प्रभूला धरलं. मोठी झाल्यावर त्याच दवाखान्यात आया म्हणून लागली, बाप्तिस्मा घेतला, माझ्या बाबांशी लग्न केलं. भावांनी तिचं नाव टाकलं. तिची आई मात्र बाजाराचं निमित्त काढून यायची, आमच्या घरचं पाणीसुद्धा न पिता दारात बसायची आणि लेकीला डोळे भरून बघून जायची.

पाळक हरवलेल्या मेंढराचा उपदेश करायचे त्या दिवशी आई घरी येऊन मला म्हणायची, "एका मेंढरापायी बाकीची रानात टाकून कोण जातं गं? लांडगं काय वाट बघत बसत्यात?" आणि तोंडाला पदर लावून हसायची. देवाला हसल्यासारखं होतंय असं तिला कधी वाटलं नाही. तो तिच्या घरातलाच होता. स्वयंपाक करताना, कपडे धुताना ती त्याच्याशी बोलत असायची, मोठ्यानं नाही, पण ओठ हलायचे.

बाबांचं वेगळं होतं. बाबा जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानात कामाला होते. दिवसभर कापड मोजायचं आणि फाडायचं. त्यांचं तारण, म्हणजे पापातून सुटका, एका तंबूतल्या संजीवन सभेत झालं होतं आणि ते त्यांनी आयुष्यभर सांगितलं. दर गुरुवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी प्रार्थनासभा असायची. तिथं साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायची वेळ आली की बाबा उभे राहायचे. "त्या दिवसापासून आजतागायत मला माझ्या तारणाची शंभर टक्के खात्री आहे!" असं म्हणताना त्यांचा हात दुकानात कापड फाडल्यासारखा सर्रकन जायचा. लोक म्हणायचे, आमेन. लहानपणी मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. आई सगळ्यांत मागं, भिंतीला टेकून, भावाला मांडीवर घेऊन बसलेली असायची.

भाऊ माझ्याहून बराच लहान. मी चौथीत होते तेव्हा तो चार वर्षांचा असेल. ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं झाली होती. त्याला गोवर निघाला. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण ताप काही हटेना. अंग भट्टीसारखं आणि डोळे चिकटलेले. तेवढ्यात आजी आली बाजाराला. दारातूनच तिनं नातवाकडं बघितलं आणि म्हणाली, "बाई, ह्यो रोग न्हाई. देवी हाये. तू तिला सोडून आलीस, तिनं तुला न्हाई सोडलं. लेकरापायी तरी चल. पिंपळगावला रेणुकाईची ओटी भर, मी सोबत येते, रोज सकाळी वाटेवर थांबते."

आईनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी पोरगं पाणीही पिईना, तेव्हा ती उठली. बाबांना म्हणाली, माहेरी जाऊन येते, आईची तब्येत बरी न्हाई. बाबा म्हणाले, पोराला ताप आहे आणि तू कुठं निघालीस? पण त्यांना दुकानाची घाई होती. आम्ही केदारखेड्याला उतरलो, आजी वाटेवर थांबलेलीच होती. तिथून भोकरदन, आणि पुढं पिंपळगाव रेणुकाई. मी खिडकीशी बसून मजेत होते. मला काय कळत होतं?

देवळात आजीनं खण-नारळ आईच्या हातात दिला. आईनं भावाला खांद्यावर टाकलं, ओटी भरली, हात जोडले. तिचे ओठ हलत होते. परत येताना मी विचारलं, तू देवीला काय म्हणालीस? ती म्हणाली, "देवीला काई न्हाई म्हणले. प्रभूला म्हणले, की हे मी तुला सोडून करून न्हाई राह्यले, लेकरासाठी करून राह्यले, तू रागावू नको." म्हणजे बघा, देवीपुढं उभी राहून बाई येशूची माफी मागत होती. आणि मला म्हणाली, "बाबाला सांगू नको हां, माय." मी नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला! औषधानं उतरला की आपोआप उतरला, देव जाणे. पोरगं दूध प्यायलं, हसलं, माझी वेणी ओढली. आईच्या जिवात जीव आला. शनिवारच्या तयारीच्या सभेला ती गेली नाही, पोर अंगावरून उतरत नव्हतं. तिला पाळकांना सांगायचं होतं, हे मला नंतर कळलं. आज नाही तर उद्या सांगू, असं म्हणून तिनं ते पुढं ढकललं. आणि उद्याचा रविवार नेमका पहिला.

चर्चमध्ये पाळकांनी पुढं उभं राहून आमच्या घराचं नाव घेतलं. लेकरू बरं झालं म्हणून उपकारस्तुती केली. सगळी मंडळी वळून आमच्याकडं बघून हसली. मग भाकरीचं ताट रांगांतून हातोहात फिरायला लागलं. आमच्यात ताट पुढं सरकवणं म्हणजे सगळ्यांसमोर ओरडून सांगणं की माझ्या मनात काहीतरी आहे. बाबा शेजारीच बसलेले. मी दुसऱ्या बाजूला. आईनं तुकडा घेतला, मुठीत धरला, थोडा वेळ तसाच धरला, आणि मग सगळ्यांबरोबर तोंडात घातला.

त्याच आठवड्यात ताप उलटला. आता छाती भरली होती. बरगड्या आत जाऊन बाहेर येताना दिसायच्या. दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, सगळं केलं. शुक्रवारी दुपारी भाऊ गेला. त्याच्यासाठी पेटी करायला सुताराला फळ्याही फार लागल्या नाहीत. बाबा कबरीपाशी लहान मुलासारखे रडले. आई रडली नाही. माती लोटून झाल्यावर ती तिथंच पाळकांपाशी गेली आणि बाबांसमोर तिनं सगळं सांगितलं. पिंपळगाव, ओटी, आणि रविवारची भाकर.

ते जुने पाळक चांगला माणूस होते, मी त्यांना बोल लावणार नाही. ते म्हणाले, "बाई, तुम्ही कबूल केलंत, प्रभूनं क्षमा केली. पुढच्या महिन्यात मेजापुढं या." पण पुढच्या महिन्याआधी गुरुवार आला. प्रार्थनासभेत बाबा साक्ष द्यायला उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, माझ्या स्वतःच्या घरात मूर्तीपुढं ओटी भरली गेली आणि प्रभूनं आम्हाला शिस्त लावली, पण माझी खात्री ढळलेली नाही. आणि हात सर्रकन गेला. लोक म्हणाले, आमेन. मी आईकडं बघितलं. ती मान खाली घालून सतरंजीची दशी वळत होती. मला त्या वयातही असा संताप आला की बाबांचा सदरा धरून त्यांना खाली बसवावं. अजून आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पुढच्या पहिल्या रविवारी आई पहिल्यांदा उठून बाहेर गेली. लोकांना वाटलं, बाईला लाज वाटते. वाटेल थोडे महिने. ते महिने संपलेच नाहीत.

बाकी कशात तिनं खंड पाडला नाही. रविवारची उपासना, गुरुवारची सभा, उपास, दान, आजाऱ्याला डबा, मयताला जाणं. चर्च झाडायचं कामही कोणी न सांगता तिनंच अंगावर घेतलं. भाऊ गेल्यावर आजी यायची थांबली, आईनंही माहेरचं नाव काढलं नाही. मी मोठी झाले, माझं दृढीकरण ठरलं, म्हणजे आता मीही मेजापुढं जाणार, तेव्हा मी म्हणाले, तू घेत नाहीस तर मीही घेणार नाही. केवढी चिडली! "तू का न्हाई घेणार? तुझ्यात काय हाये? तू बिलकुल घ्यायचं!" मला नवी पांढरी साडी आणली. मी पहिल्यांदा भाकर घेतली तेव्हा ती मागच्या दारात उभी राहून बघत होती, आणि मग पायरीवर जाऊन बसली.

जुने पाळक बदलून गेले, नवे आले, तेही गेले. प्रत्येकाचं शिक्षण निराळं. एक म्हणायचे, विश्वासात आलात म्हणजे पोचलात असं नाही, शेवटपर्यंत टिकावं लागतं, अर्ध्यात घसरला तो गेला. दुसरे म्हणायचे, एकदा प्रभूनं धरलं की सुटका नाही, त्याच्या हातातून कोणी काढून घेऊ शकत नाही, तुमचं तारण तुमच्या चांगुलपणावर टिकलेलं नाही. मी दोन्ही ऐकायचे आणि आईकडं बघायचे. आईचे कान मोठे विचित्र होते. पहिल्यातलं 'घसरला तो गेला' तेवढं ती घ्यायची. दुसऱ्याचं ऐकून म्हणायची, "बराबर हाये, पण ते त्यानं धरलेल्यांचं." तिच्यापुढं मी हात टेकले होते. बाबांनी तर केव्हाच. बाबा म्हणायचे, "खात्री न्हाई म्हंजी विश्वासच न्हाई तुझा." आई म्हणायची, "नसंल." आणि भाकरी थापत राहायची.

आणि खात्रीवाल्या बाबांचं काय झालं? नव्वद सालानंतर त्यांचा चर्चमध्ये काहीतरी वाद झाला. कमिटीचं काहीतरी, मला त्यात कधी रस नव्हता. त्यांनी चर्च सोडलं. काही दिवस दुसरीकडं गेले, गिटार आणि लाऊडस्पीकर होता तिथं, मग तेही सोडलं. दुकानातली नोकरी सुटल्यावर तर रविवारी सकाळी चौकातल्या हॉटेलात पेपर वाचत बसायचे. आई चर्चला निघताना म्हणायची, चला की हो. ते म्हणायचे, "माझं तारण झालेलं हाये. रोज हजेरी लावायला मी काय शाळेतलं पोरगं हाये?" एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. चेहरा शांत होता. खात्रीनं जगले आणि खात्रीनं गेले. मला त्यांचा हेवा वाटतो असं मी म्हणाले तर लोकांना खरं वाटणार नाही, पण वाटतो.

मग घरात आई आणि मी. माझं लग्न झालं नाही, तो किस्सा वेगळा, इथं नको. मी शाळेत शिकवत होते, आई घर बघत होती. मला एकच घोर लागला होता. आईचं वय होत चाललं आणि तिच्या मनातलं ते काही निघेना. मी काही फार मोठी विश्वासी बाई नव्हते, तेव्हाही नाही. पण ज्या बाईनं जन्मभर त्या येशूशी चुलीपुढं गप्पा मारल्या, तिनं 'मी त्याच्याकडं जाणार नाही' असं समजून मरावं, हे मला सहन होत नव्हतं. कधी गोडीनं, कधी भांडून, मी दर पहिल्या रविवारी तिच्या मागं लागायचे. ती म्हणायची, "जल्दी चल, घंटा झाली."

एकदा मी तिला सरळच विचारलं, "भाऊ कुठं आहे, तुला काय वाटतं?" तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "तो प्रभूपाशी हाये. त्यात काय इचारायचं? लेकरू व्हतं." त्याच्याबद्दल तिला खात्री होती, पक्की. मी म्हणाले, "मग तुला त्याला भेटायचं नाही?" ती म्हणाली, "मला न्हाई वाटत माझ्या नशिबात हाये." अशा माणसाशी काय भांडायचं?

दोन हजार सालानंतर तिला पोटाचा आजार निघाला. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, तेव्हाच मी समजले. तिला मी सांगितलं नाही, पण तिलाही कळलं होतं. दोन-तीन महिन्यांत बाई अंथरुणाला खिळली. हाताच्या कातडीखालून हाडं दिसायला लागली. तोंडी तिच्या रोजचं तेच, पाणी दे, उशी नीट कर, चर्च झाडलं का कोणी.

तेव्हाचे पाळक तरुण होते, माझ्याहून लहान. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी त्यांना सगळं सांगितलं, पिंपळगावापासून. ते म्हणाले, मी घरी येऊन प्रभुभोजन देतो. आजाऱ्यांना तसं देतात, एका लहान डबीत भाकर आणि बाटलीत रस घेऊन येतात. ते एका सकाळी आले. मी आईचं तोंड पुसलं, केस विंचरले, उशीला टेकवून बसवलं. मला वाटत होतं, जसं काही माझाच निकाल लागायचा आहे.

पाळक चांगलं बोलले. खोटं कशाला सांगू, एवढ्या वर्षांत इतकं सरळ बोलणं मी ऐकलं नव्हतं. म्हणाले, मावशी, खात्री आपल्या मनात शोधली तर ती सापडत नाही, मन रोज बदलतं. तुम्ही त्याच्याकडं बघा. तुम्ही इतकी वर्षं येत राहिलात ना, तुम्हाला आणलं कोणी? जो विश्वासात टिकतो त्याला टिकवणारा दुसरा असतो. तुमचं टिकणं हीच त्यानं तुम्हाला धरल्याची खूण आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आई मान हलवत होती.

"बराबर हाये, साहेब," ती म्हणाली. "बिलकुल बराबर."

पाळकांनी प्रार्थना केली, डबी उघडली आणि तुकडा तिच्या ओठांपाशी नेला. आईनं तोंड मिटलं आणि मान भिंतीकडं वळवली.

माझा तोल गेला. "आई! त्या ओटीला किती वर्षं झाली! माफ झालंय ते. कितीदा सांगायचं तुला? अजून काय पाहिजे तुला?"

"ओटीचं माफ झालंय, मला ठावं हाये," आई म्हणाली. "ते तवाच झाल्तं. मी तिथंच सांगितल्तं त्याला."

मी बघतच राहिले. एवढी वर्षं आम्ही सगळे, बाबा, पाळक, सगळी मंडळी, तिच्या त्या ओटीची क्षमा करत होतो!

"मग?" मी म्हणाले.

"ओटीनं न्हाई गेलं लेकरू. भाकरीनं गेलं." ती थांबून थांबून बोलत होती. "मनात ठिवून खाल्लं म्या. खानारीला शिक्षा व्हती म्हनत्यात. मला कुठं काय झालं? मी हाये तशीच हाये. त्यानं लेकराला नेलं. आता खाल्लं अन् पुन्हा काई चुकलं, तर कोनाला नेईल? ही एकच राह्यली माझी."

पाळक पुढं सरकले. "मावशी, देव असा नाही. देव असं करत नाही."

"नसंल करत. तुमी शिकल्याले हायेत, तुमचंच बराबर असंल. पन साहेब, ते खरं हाये का न्हाई, हे माझ्या लेकीच्या जिवावर आजमावून बघू का मी?"

तुकडा पाळकांच्या बोटांतच होता.

मी खाली बसले, तिचा हात धरला. "आई, मला काही होत नाही. मी सांगते ना, खा. माझ्या जिवाचं मी बघते. मला व्हायचं ते होऊ दे."

"तुझी तयारी असंल, माय. माझी न्हाई."

"अगं पण तुझं काय? तुझं तारण..."

"माझं काय व्हायचं ते व्हईल. मी त्याला सोडलं न्हाई, बस्स. त्यानं मला धरलं का न्हाई, ते त्याचं त्याला म्हाईत." मग डोळे मिटून म्हणाली, "पोराला येकदा बघायचं व्हतं. न्हाई दिसलं तर न्हाई."

पाळकांनी तुकडा डबीत ठेवला. मी त्यांना चहा केला, त्यांनी तो घेतला नाही. त्यानंतर आई आणखी आठवडाभर होती. त्या विषयावर ती बोलली नाही आणि मीही काढला नाही. मी तिच्यापाशी बसून असायचे आणि मनात देवाला नाही नाही ते बोलायचे. शिव्याच, दुसरं काय. शेवटच्या दिवशी तिला शुद्ध नव्हती. ओठ मात्र हलत होते. मी कान लावून बघितलं, पण शब्द लागले नाहीत.

मयताला चर्च भरलं होतं. पाळक म्हणाले, आपली ही बहीण शेवटपर्यंत विश्वासात टिकली आणि ती आज खात्रीनं प्रभूजवळ आहे. सगळे म्हणाले, आमेन. ते बोलताना माझ्याकडं बघत नव्हते आणि मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी दुसरं काय म्हणायचं? माणसं मला जवळ घेऊन सांगत होती, रडू नको, आई लेकाला भेटली असेल. मी मान हलवत होते. माझ्यासाठी एका बाईनं स्वर्ग सोडून दिला, लेकाला बघण्याची आस सोडून दिली, आणि तेही कदाचित उगीच, कदाचित काहीच गरज नसताना, हे मी कोणाला सांगणार होते? तिला भीती होती तसा देव असेल, तर तो मला नको. आणि तो तसा नसेल, तर आईचं सगळं आयुष्य पायरीवर फुकट गेलं. यातलं कोणतं खरं असावं, हेसुद्धा मला ठरवता येत नाही.

मी अजून चर्चला जाते. का जाते ते विचारू नका, पाय जातात. पहिल्या रविवारी ताट माझ्यापर्यंत येतं, मी तुकडा घेते आणि खाते. शेजारच्या बायकांना वाटतं, हिचा विश्वास पक्का आहे, आईसारखी भित्री नाही. तसं काही नाही. न्यायला आता माझं कोणी उरलेलं नाही, म्हणून मी बिनघोर खाते.